'नौसिका'च्या शेवटच्या दोन खंडांत तत्त्वचिंतनापुढे माणसे मागे पडली आहेत का?

मृद्‌गंध

नमस्कार. जपानी चित्रपटदिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची 'वाऱ्याच्या खोऱ्यातील नौसिका' ही सात खंडांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचून पूर्ण केली. पहिल्या वाचनात मनात राहिलेली एक शंका या वेळी अधिकच पक्की झाली, म्हणून ती येथे मांडत आहे. चर्चेत शेवटाचा उल्लेख अटळ आहे. ज्यांना मांगा अजून वाचायची आहे त्यांनी कृपया येथेच थांबावे. ज्यांनी केवळ १९८४ चा चित्रपट पाहिला आहे त्यांनाही हीच विनंती, कारण चित्रपटातील कथा साधारण पहिल्या दोन खंडांपुरतीच आहे आणि माझा प्रश्न त्यापुढील कथेविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. 'अग्नीच्या सात दिवसां'त यंत्रयुग जळून खाक झाले, त्याला हजार वर्षे लोटली आहेत. विषारी बुरशीचे अरण्य पसरत चालले आहे, त्यात ओमूसारखे अजस्र कीटक राहतात, आणि उरलेल्या जमिनीसाठी तोरुमेकिया आणि दोरोक ही दोन साम्राज्ये एकमेकांच्या उरावर बसली आहेत. या युद्धात एका छोट्या खोऱ्याची राजकन्या नौसिका ओढली जाते.

पहिल्या चार खंडांत मला माणसे दिसतात. तोरुमेकियाची राजकन्या कुशाना तर चौथ्या खंडात अंगावर काटा आणते. कीटकांच्या झुंडी डोक्यावरून जात असताना ती खंदकात जखमी सैनिकाला कवेत घेऊन बसते आणि लहानपणी आईकडून ऐकलेले अंगाईगीत गाते. तिच्यासाठी आणलेले विष आईने स्वतः पिऊन तिला वाचवले आणि त्यात त्या माऊलीचे भान कायमचे हरपले, ती आता एका बाहुलीलाच आपली मुलगी समजते, हे आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे त्या गाण्यात किती गोष्टी एकत्र आल्या आहेत हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सहाव्या खंडापासून मात्र मला वेगळेच काही वाचत असल्यासारखे वाटते. नौसिका आधी अरण्यात राहणाऱ्या लोकांपैकी सेल्मशी बोलते, नंतर शुवाच्या उद्यानाच्या रक्षकाशी, आणि शेवटी शुवा या दोरोकांच्या पवित्र नगरीतील थडग्यात, जेथे प्राचीन माणसांचे ज्ञान जपलेले आहे, त्या 'स्वामी'शी. जीवन म्हणजे काय, शुद्ध आणि अशुद्ध म्हणजे काय, माणसाला जगण्याचा अधिकार आहे का, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि ही कोवळ्या वयाची मुलगी प्रत्येकाचे तयार उत्तर देते. तेव्हा ती बोलत नसून लेखकच तिच्या तोंडून बोलत आहे, असे मला प्रकर्षाने वाटले. याच सुमारास आस्बेल आणि दोरोकांतील मानी जमातीची मुलगी केचा ही दोघे जवळजवळ विरून जातात. बहिणीच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला आस्बेल पुढे केवळ नौसिकेचा गुरू असलेल्या युपा या तलवारबाजाचा सोबती म्हणून उरतो, त्याच्या सुडाचे काय झाले हे लेखकाला सांगावेसेही वाटत नाही.

मांगेवर माझे प्रेम आहे, म्हणूनच ही खंत वाटते. विचार मोठा झाला की माणसे लहान होणारच, असे मानून पुढे जावे, की माझे वाचनच कोठेतरी चुकते आहे?

---

अनवट

मृद्‌गंधताई, आपला प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि त्यातील आस्बेलविषयीची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. त्याच्या बाजूने बोलावे असे मलाही काही सापडत नाही. नौसिकेविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

व्यक्तिरेखेचा विकास म्हटला की आपण बहुधा काहीतरी शिकत जाणारे पात्र शोधतो: आधी भित्रे, मग धीट, आधी स्वार्थी, मग उदार. तो मापदंड लावला तर नौसिका हाती लागत नाही, कारण तिची करुणा पहिल्या पानापासून तिच्याजवळ आहे. तिचा प्रवास वेगळ्या दिशेने होतो, आणि तो दिसण्यासाठी पहिल्या खंडातील तळघर आणि सातव्या खंडातील थडगे ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

तळघरात ती काय करत असते हे आठवून पाहा. तिचे वडील विषाने अंथरुणाला खिळलेले आहेत आणि ती कोणालाही न सांगता अरण्यातील झाडे स्वच्छ माती-पाण्यात वाढवत आहे. त्या मातीत ती झाडे विष सोडत नाहीत, म्हणजे अरण्य मुळात विषारी नसून जमीनच विटाळलेली आहे, हे ती स्वतःच्या हातांनी शोधून काढते. ती युपाला ते तळघर दाखवते तेव्हा तिच्यापाशी एक सत्य आहे आणि आज ना उद्या ते सर्वांच्या उपयोगी पडेल अशी तिला आशा आहे.

आता शेवट पाहा. सत्य किती भयंकर आहे हे तिला कळून चुकले आहे. अरण्य पृथ्वी शुद्ध करते ते आपोआप नव्हे. प्राचीन माणसांनी ते त्याच कामासाठी निर्माण केले होते. इतकेच नव्हे, तर आताची माणसेही विषात जगता यावे म्हणून बदललेली आहेत, आणि ज्या शुद्ध जगाची ती वाट पाहत आहेत तेथील हवेत त्यांची फुप्फुसे रक्त ओकतील. हे सर्व समजल्यावर नौसिका बाहेर येते आणि लोकांना त्यातले अवाक्षरही सांगत नाही. जी मुलगी सत्य शोधण्यासाठी तळघरात उतरत असे, ती थडग्यातून बाहेर पडते तेव्हा आयुष्यभर एक खोटे सांभाळण्याचे ठरवून बाहेर पडते.

माझ्या मते या मांगेतील सर्वांत मोठे व्यक्तिचित्रण हेच आहे. ते एका प्रसंगात सांगून मोकळे होता येत नाही; त्याला सात खंड लागतात, आणि मधल्या तात्त्विक संवादांवाचून ते घडूच शकत नाही. तिला काय कळले हे आपल्याला कळले नाही, तर तिने काय लपवले याचे ओझे आपल्याला कसे जाणवणार? हे संवाद वगळले तर शेवटी केवळ एक इमारत कोसळते.

आपण म्हणता की ती प्रत्येकाला तयार उत्तर देते. उद्यानातील प्रसंग पुन्हा वाचावा, ही विनंती. तेथे तिच्यापाशी उत्तर नाही, तिला मोह झालेला आहे. तिचा पाळीव छोटा प्राणी तेतो नुकताच मेला आहे, तिचे शरीर खंगलेले आहे, आणि त्या उद्यानात जुन्या जगातील संगीत आहे, झाडे आहेत, प्राणी आहेत, दुःखाचा विसर आहे. रक्षक तिच्यासमोर तिच्या आईच्या रूपात उभा राहतो. या आईने आपल्यावर कधी प्रेम केले नाही हे नौसिका उघडपणे सांगते तेही याच भागात. सर्वांना माया लावणारी ही मुलगी स्वतः मायेवाचून वाढली, हे मियाझाकी यांनी सहा खंड हातचे राखून ठेवले होते आणि नेमके तात्त्विक वादाच्या मध्यभागी सांगितले. त्याच उद्यानात तोरुमेकियाचे दोन राजपुत्र कायमचे रमतात, संगीतात बुडून जातात, आणि त्यांना पुन्हा युद्धाची आठवणही होत नाही. त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, लेखकालाही तो वाटत नसावा. नौसिका मात्र बाहेर पडते, कारण बाहेर ओमा हा महायोद्धा, म्हणजे प्राचीन जगाने शस्त्र म्हणून घडवलेला अजस्र जीव, तिची वाट पाहत आहे.

---

चित्रचौकट

ओमाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, कारण या चर्चेचा कस मला तेथेच लागलेला दिसतो.

चित्रपटातील महायोद्धा अर्धवट शिजलेला, चिखलासारखा वितळून पडणारा आहे. त्याला एक शस्त्र यापलीकडे अस्तित्व नाही. मांगेतील महायोद्धा जागा होताच नौसिकेला 'आई' म्हणतो. हा प्राणी जग जाळणारा आहे आणि तान्ह्या मुलासारखा लाडात येतो, तिचे कौतुक मिळावे म्हणून धडपडतो. त्याच्या अंगातून निघणाऱ्या विषारी प्रकाशाने ती हळूहळू आजारी पडते, तेतो तर त्यातच दगावतो, आणि तरीही तो जवळ आला की ती त्याला दूर लोटत नाही. मग ती त्याला नाव देते: ओमा, म्हणजे प्राचीन एफ्ताल भाषेत 'निरागसता'. नाव मिळताक्षणी त्याची बुद्धी एकदम वाढते आणि स्वतः न्यायनिवाडा करणारा आहे असे तो जाहीर करतो.

त्या पानावर नौसिकेचा चेहरा पाहावा. तिने नाव दिले ते त्याला ताब्यात ठेवण्यासाठी. तिला त्याची माया वाटते आणि ती त्याचा वापरही करून घेत आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे तिला कळते. प्राचीन माणसांनी अरण्य, ओमू आणि माणसे घडवली ती हेतू ठरवून. सजीवाला हेतूने घडवणे हाच त्यांचा अपराध, असे ती पुढे थडग्यात ठणकावून सांगते. पण तोच अपराध तिने स्वतः ओमाच्या बाबतीत केलेला असतो. म्हणून थडग्यातील तिच्या भाषणाला मी लेखकाचे प्रवचन मानत नाही. ती स्वतःच्या विरोधातही बोलत आहे, आणि ओमा मरताना ती त्याला आपला अभिमानास्पद मुलगा म्हणते तेव्हा त्या शब्दांत क्षमायाचना आहे.

तरीही मृद्‌गंध यांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. थडग्यातील प्रसंग चित्रांच्या दृष्टीने दाटीवाटीचा झाला आहे. आधीच्या खंडांत मियाझाकी मोकळ्या, शब्दविरहित चौकटींवर विश्वास ठेवतात: वारा, गवत, दूरवर एक ग्लायडर. थडग्यात मात्र संवादांचे फुगेच फुगे आहेत, आणि मांसाच्या गोळ्यासारख्या त्या स्वामीचे म्हणणे विदूषकाच्या तोंडून, सावल्यांच्या तोंडून, मजकुराच्या ओळींतून, असे चारी बाजूंनी अंगावर येते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या अयनदिनी, त्या पृष्ठभागावर एकेक ओळ उमटते आणि पंडित ती उलगडत बसतात, ही कल्पना इतकी विलक्षण आहे की तिला दोन-तीन पाने शांतता मिळायला हवी होती. येथे चित्रकारापेक्षा विचारवंत घाईत होता असे मला वाटते.

याचे एक कारण मांगा कशी तयार झाली यात असावे. 'अ‍ॅनिमेज' मासिकात ती फेब्रुवारी १९८२ च्या अंकापासून मार्च १९९४ च्या अंकापर्यंत चालली, पण सलग नव्हे. मध्ये चित्रपटांच्या कामासाठी ती पुन्हा पुन्हा थांबली. त्या काळात मियाझाकी यांनी पाच चित्रपट दिग्दर्शित केले. मांगा सुरू झाली तेव्हा जग अणुयुद्धाच्या सावटाखाली होते, आणि ती संपत आली तेव्हा सोव्हिएत संघ कोसळलेला होता व युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याला मारत होता. अरण्य सर्व काही शुद्ध करील आणि आपण सर्व त्या निर्मळ जगात जाऊ, ही पहिल्या खंडातील आशा १९९४ मधील लेखकाला जशीच्या तशी पुढे नेणे शक्य झाले नसावे. आपल्याला जे पात्रांपासून दूर जाणे वाटते, ते मला लेखकाने स्वतःचीच जुनी श्रद्धा पात्रांसमक्ष तपासून पाहणे वाटते. अर्थात, त्यामुळे फुग्यांची गर्दी क्षम्य ठरते असे नाही.

---

ओंजळ

मी थोडक्यातच लिहिते. विचार आणि व्यक्तिरेखा यांची या मांगेत फारकत झालेली नाही याचा सर्वांत चांगला पुरावा मला कुशानामध्ये दिसतो, आणि तोही आपण म्हणता त्याच शेवटच्या भागात.

ही बाई आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी जगत आली: बाप आणि भाऊ यांचा सूड घेऊन सिंहासन मिळवणे. युपा तिच्या बचावासाठी मध्ये पडतो आणि तिच्यावर सूड उगवायला आलेल्या मानी जमातीच्या हातून स्वतः मरतो. शेवटी सिंहासन तिच्यासमोर मोकळे असते, बापाने मरताना राज्य तिच्या हवाली केलेले असते, आणि ती गादीवर बसत नाही. ती केवळ राज्यकारभार पाहते आणि पुढे तोरुमेकिया हा राजा नसलेला देश म्हणून ओळखला जातो, असे शेवटच्या पानावरील निवेदन सांगते. सत्तेविषयी, सुडाविषयी, क्षमेविषयी मियाझाकी यांना जे म्हणायचे होते ते सर्व कुशानाने एकही तात्त्विक वाक्य न बोलता करून दाखवले आहे.

आणि मीरालुपा! पाठलाग करून नौसिकेचा छळ करणारा हा दोरोकांचा पवित्र सम्राट सख्ख्या भावाकडून मारला जातो आणि नंतर एक दीनवाणी, उघडीवाघडी, म्हातारी सावली होऊन तिच्या मागे येतो. तिने त्याला हाकलले असते तरी कोणी दोष दिला नसता. ती त्याचा हात धरून त्याला त्या हिरव्या, निर्मळ भूमीपर्यंत नेते. माझ्या वाचनात खलनायकाला इतक्या साधेपणाने सोडवलेले दुसऱ्या कोणत्याही चित्रकथेत आलेले नाही.

---

मृद्‌गंध

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिला आणि सातवा खंड समोरासमोर ठेवून पुन्हा चाळला. तळघर आणि थडगे यांची जोडी माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. ती एकदा दिसल्यावर आता दिसल्यावाचून राहत नाही. ओमाविषयीचे म्हणणेही मला पटले. नौसिका लेखकाची पोपटपंची करते हे माझे विधान मी मागे घेते.

परंतु माझी शंका नाहीशी झालेली नाही, तिने जागा बदलली आहे. तिला नीट शब्द देण्याचा प्रयत्न करते.

थडग्यात नव्या, शांत, शहाण्या मानवजातीची अंडी जपून ठेवलेली आहेत. शिवाय आताच्या माणसांना शुद्ध हवेत जगता येईल असे पुन्हा बदलण्याचे तंत्रही आपल्यापाशी आहे, असा स्वामीचा दावा आहे. नौसिका हे सर्व नष्ट करते. तिचा निर्णय चूक की बरोबर, हा वाद मला घालायचा नाही. मला खटकते ते हे, की संपूर्ण मानवजातीच्या वतीने घेतलेल्या या निर्णयाच्या वेळी तिच्या विरोधात बोलणारा केवळ तो स्वामी आहे, आणि त्याचा डाव आपल्याला आधीच कळलेला असल्यामुळे त्याचे खरे म्हणणेही आपण खोटे मानून वाचतो. जिचे मूल विषाने मरते आहे अशी खोऱ्यातील एखादी आई तेथे असती आणि तिने केवळ एवढेच विचारले असते की ते तंत्र खरे असेल तर, तर? नौसिकेला तिच्या डोळ्यांत पाहून उत्तर द्यावे लागले असते. स्वतः नौसिकेच्या आधीची भावंडे जगली नाहीत. हा प्रश्न विचारणारे माणूस शोधायला लेखकाला फार दूर जावे लागले नसते.

म्हणजे माझी मूळ तक्रार आता अशी झाली आहे: नायिकेला लेखकाने नीट सांभाळले, पण तिच्याशी बरोबरीने भांडू शकेल असे साधे माणूस शेवटच्या प्रसंगापर्यंत आणले नाही. आस्बेल आणि केचा विरून गेल्याचे नुकसान नेमके तेथे होते. ती दोघे त्या दालनात असती तर विचाराला विरोधी बाजू मिळाली असती, आणि ती आपल्या ओळखीच्या तोंडून मिळाली असती.

---

अनवट

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि दोन दिवस विचार करूनही मला त्याला पूर्ण उत्तर देता येत नाही.

एवढेच म्हणता येईल की नौसिकेला स्वतःला तो प्रश्न पडलेला आहे. थडगे कोसळल्यावर ती सेल्मजवळ कबूल करते की ती अंडी म्हणजे आपल्यासारखी हिंस्र नसलेली, सौम्य आणि शहाणी माणसे होणार होती, आणि आपल्या पापाच्या खोलीने आपण थरथरत आहोत. आपल्या त्या खोऱ्यातील आईचा प्रश्न तिने येथे स्वतःच स्वतःला विचारला आहे. थडग्याच्या रक्ताचा रंग ओमूच्या रक्तासारखाच आहे हेही त्या दोघांनाच ठाऊक आहे. दुसऱ्या खंडात ओमूच्या पिल्लाच्या रक्ताने निळा झालेला तिचा पोशाख आता त्या रक्ताने आणखी गडद निळा झाला आहे. लोकांना त्यात भविष्यवाणीतील निळ्या वस्त्रातील त्राता दिसतो; तिला मात्र आपण कोणाचे रक्त अंगावर घेऊन उभे आहोत हे माहीत आहे. एकाच रंगाचे हे दोन अर्थ एकाच चौकटीत राहतात आणि त्यावर कोणीही भाष्य करत नाही. 'चित्रचौकट' यांना थडग्यात जी शांतता हवी होती ती मला येथे मिळाली.

पण त्या कबुलीला सेल्म जे उत्तर देतो ते मला आपल्या प्रश्नानंतर खटकू लागले आहे. अशा निर्दोष जीवांना माणूस म्हणता येणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून तो तिला लगेच धीर देतो. विचार म्हणून ते वाक्य चुकीचे नाही, पण ते फार लवकर येते. ती थरथरत असताना तो तिचा भार हलका करतो, आणि तिच्याबरोबर आपलाही. आपण सांगितलेली आई दालनात आली नाही हे मला चालून गेले असते. निदान त्या एका चौकटीत सेल्मने गप्प राहायला हवे होते.